दोनदा जेवायचं, दर दोन तासांनी खायचं, की भाकरीच सोडायची?

दिवाळीनंतर येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा यंदा चांगलाच जाड आहे. बहुतेकांनी वय, उंची, वजन आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं नीट लिहून पाठवली, त्याबद्दल मनापासून आभार. त्याशिवाय नेमकं उत्तर देता येत नाही.

जवळजवळ प्रत्येक पत्राचा सूर एकच: ताई, एवढे डाएट प्लॅन निघालेत, त्यातला सगळ्यात चांगला कोणता? मी लातुरात आहाराचा सल्ला द्यायला बसते आणि औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूरकडून येणाऱ्या माणसांचं खाणंपिणं रोज ऐकते. त्यावरून आधीच एक सांगून ठेवते. कोणत्या प्लॅनने किती किलो उतरले, यावर तुलना करू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांनीच उतरतं. तो प्लॅन कुणाच्या अंगाशी येतो, तुमच्या गोळ्यांशी त्याचं जमतं का आणि वर्षभर तो घरात कोण रांधणार, हे विचारा. खालची सगळी उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

मी परभणीत शिक्षिका आहे. वय ४४, उंची ५ फूट १ इंच, वजन ७८ किलो. शुगर-बीपी नाही, पण जिना चढताना गुडघे बोलतात. आमच्या स्टाफरूममध्ये दोन गट आहेत, एक दीक्षित सरांचा, एक दिवेकर मॅडमचा. पुण्याची भाची म्हणते, मावशी, सोळा-आठ कर. तिघंही छातीठोकपणे सांगतात. मी तिन्ही करून पाहिले, एकही टिकला नाही. यातलं खरं काय? — शिक्षिका, परभणी

बाई, तुमच्या स्टाफरूममधले दोन्ही गट खरं सांगताहेत. ज्यांचं वजन उतरलं त्यांचं उतरलंच आहे. का उतरलं, याची दोन्हीकडून दिली जाणारी कारणं मात्र मला पुरती पटत नाहीत.

डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे आमच्याकडे त्यांची पद्धत घरोघरी माहीत आहे. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतःच सांगतात. कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही खायचं नाही आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. त्यामागचं म्हणणं असं की, तोंडात काही गेलं की इन्सुलिन पाझरतं. ते जितक्या कमी वेळा पाझरेल तितकी चरबी वापरली जाईल. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांनी वेगळी वाट दाखवली. दर दोन तासांनी थोडं खा, आपल्या मातीतलं आणि घरात रांधलेलं खा, तुपाला-भाताला घाबरू नका. फार वेळ उपाशी राहिलं की शरीर हात आखडतं आणि कमी जाळतं, असं त्यामागचं म्हणणं. तुमच्या भाचीचं सोळा-आठ म्हणजे सोळा तास उपास आणि उरलेल्या आठ तासांत सगळं खाणं.

आता तपासून पाहिलेलं सांगते. तेवढंच अन्न दोनदा खाल्लं काय किंवा सहा वेळा विभागून खाल्लं काय, दिवसभरात शरीर जाळतं ते जवळपास सारखंच, असं मोजमापात दिसलं आहे. वेळ आवळण्याबद्दल चीनमधल्या ग्वांगझू शहरातला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा असलेले १३९ जण त्यात होते. सगळ्यांच्याच कॅलरी कमी केल्या होत्या. निम्म्यांनी ते अन्न सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षानंतर वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी ८ किलो उतरलं होतं, न पाळणाऱ्यांचं ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. वजन उतरवलं ते कमी झालेल्या अन्नाने. घड्याळाची मदत झाली असली तरी ती थोडी.

मग दोन जेवणांनी आपल्याकडे इतक्यांना गुण का येतो? नोकरीपेशातल्या घराचा दिवस डोळ्यापुढे आणा. उठल्याबरोबर चहा, निघताना चहा, मधल्या सुट्टीत चहा, घरी आल्यावर चहा, कुणी आलं की पुन्हा चहा. कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. पाच कपांची ५० ग्रॅम, म्हणजे नुसत्या साखरेच्या २०० कॅलरी. सोबत खारी-बिस्किटं, कुणाच्या वाढदिवसाचा समोसा, संध्याकाळी शेव-चिवड्याची वाटी. ‘दोनदाच’ म्हटलं की हे सगळं एका फटक्यात बंद होतं आणि वही घेऊन हिशोब करत बसावं लागत नाही. नियम सोपा आहे, म्हणून तो पाळला जातो. मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ हेच वाटतं, आणि साखरेचा चहा सुटला एवढ्याचसाठी मी तिला मान देते.

दिवेकरांच्या सांगण्याचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. सकाळपासून चहावर राहायचं, सगळ्यांचं झाल्यावर तीन वाजता जेवायचं आणि मग रात्री हात आवरायचा नाही, अशा कितीतरी बायका माझ्यासमोर बसतात. त्यांना अकरा वाजता मूठभर शेंगदाणे, पाचला ताक आणि पेरू दिला की रात्रीची भूक आपोआप निवते. पण ‘थोडं थोडं’ हे माप ज्याच्या त्याच्या हातात असतं. दर दोन तासांनी चिवड्याच्या डब्यात हात गेला, तर त्याच सल्ल्याने वजन वाढतं.

तुम्ही तिन्ही करून सोडलेत, त्याबद्दल जुना एक अभ्यास आठवतो. बोस्टनमध्ये १६० जणांना चार नावाजलेल्या प्लॅनमध्ये वाटलं होतं: ॲटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश. २००५ मध्ये निष्कर्ष आले. चारही नावांत फारसा फरक निघाला नाही. ज्याने जो प्लॅन नेटाने पाळला त्याचं उतरलं. म्हणून तुमच्यासाठी तुमच्या शाळेच्या वेळेवरूनच आखू या.

शाळा साडेदहा ते पाच आहे, तर दहा वाजता व्यवस्थित जेवून निघा: एक भाकरी, घट्ट वरणाची मोठी वाटी, पालेभाजी, दही. मधल्या सुट्टीत ताक आणि एखादं फळ. घरी आल्यावर फुटाणे, बिनसाखरेचा चहा. रात्रीचं जेवण आठच्या आत, त्यात भात हवाच असेल तर भाकरी अर्धी. हे धड दीक्षितांचं नाही, धड दिवेकरांचं नाही, पण तुमच्या घंटेत बसतं. वर्षात सात-आठ किलो उतरले तरी पुष्कळ. गुडघेदुखीच्या रुग्णांवर केलेल्या मोजमापात एक किलो वजन कमी झाल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका झाल्याचं दिसलं होतं. आठ किलोंचा हिशोब तुम्हीच करा. आणि दर रविवारी काट्यावर उभं राहण्यापेक्षा महिन्यातून एकदा शिवणाच्या टेपने कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांत ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषांत ९० च्या वर कंबर गेली की धोक्याची घंटा समजतात.

वय ५८. दहा-बारा वर्षांपासून शुगर. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा आणि रात्री इन्सुलिन. मोबाइलवर बघून दोन जेवणं चालू केली. वजन उतरलं, शुगर पण खाली आली. पण परवा कापूस वेचायला माणसं लावली होती, अकराच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात थरथर कापायले, डोळ्यापुढं अंधारी आली. मालकिणीनं गूळपाणी पाजलं तवा बरं वाटलं. गोळी आठला घेतो, जेवण एकला. प्लॅन चांगला आहे, सोडू वाटत नाही. — शेतकरी, ता. माजलगाव

काका, पत्रावर नंबर होता म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला आणि तुम्ही डॉक्टरांना दाखवूनही आलात. तरी हे उत्तर इथे सविस्तर लिहिते, कारण अशी माणसं गावोगाव आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरातल्या पाहणीनुसार आपल्याकडे १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. ती पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या किती जणांच्या हातात आज मोबाइल आहे आणि खिशात ग्लिमेपिराइडची पट्टी, याचा विचार केला की मला झोप लागत नाही.

तुम्हाला जे झालं ते रक्तातली साखर घसरल्यामुळे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. आठला गोळी पोटात गेली, तिने तिचं काम चालू केलं, रात्रीच्या इन्सुलिनचा अंमल असेलच, आणि अन्न आलं एकला. मधले पाच तास, त्यात उन्हातलं काम. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणून शेजारच्या माणसाला दोन जेवणं सोसली तर मलाही सोसतील, असं म्हणता येत नाही. त्याची चिठ्ठी वेगळी, तुमची वेगळी.

अशी वेळ पुन्हा आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी यंत्रावर साखर तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या, मग काहीतरी खा. गुळानेही भागतं, पण साखर मापून देता येते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. शेतात जाताना सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी हवीच. विहिरीवर, ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर अंधारी आली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. आणि बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर-धडधड जाणवतच नाही कधीकधी, नुसता घाम येतो. तो घाम उन्हाचा समजून लोक काम करत राहतात.

तुमचं वजन उतरलं आणि शुगर खाली आली, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. ती वाया जाऊ नये असंच मलाही वाटतं. वजन घटवून मधुमेह माघारी जाऊ शकतो, हे ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवलं. रोज साधारण ८५० कॅलरींच्या पेयांवर तीन ते पाच महिने राहिलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षानंतर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांचं १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात तर हे प्रमाण ८६ टक्के. पण त्यातली दोन कलमं वाचा. मधुमेह सहा वर्षांच्या आतला आणि इन्सुलिन चालू नसलेलेच लोक घेतले होते. आणि त्यांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या देखरेखीत, थांबवल्या होत्या. खाणं कमी करायचं आणि गोळी तीच ठेवायची, असं तिथे कुणी केलं नाही. दीक्षितांच्या पद्धतीतही सुरू करण्याआधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायला सांगतात. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या तुकड्यात नेमकं ते गळून पडतं.

तुमच्या डॉक्टरांनी आता सकाळची गोळी बदलली आणि इन्सुलिनचं माप उतरवलं आहे. पुढचे पंधरा दिवस उपाशीपोटी आणि जेवणाआधी साखर तपासून वहीत लिहा. सकाळी साडेआठला अर्धी भाकरी आणि मुगाच्या वरणाची वाटी घ्या, म्हणजे दिवसाची तीन जेवणं होतील. एकादशीलाही हाच नियम. आणि त्या दिवशी साबुदाणा नको. तो जवळपास निव्वळ पिष्ट असतो, साखर आधी चढवतो. भगर थोडी, दह्यासोबत, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर. त्याहून बरं म्हणजे उपासच न धरणं. औषधावरच्या माणसाने उपास सोडला तर पांडुरंग रागावेल असं मला वाटत नाही.

वय २६. वाळूज एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून कीटो चालू केलं. पहिल्या महिन्यात सहा किलो गेले, नंतर काटा हलत नाही. शौचाला त्रास होतो, तोंडाला वास येतो. आईला दोन स्वयंपाक करावे लागतात. वडिलांनाही शुगर आहे, तेही माझ्यासोबत करतो म्हणतात. त्यांना डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. — छत्रपती संभाजीनगर

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून ते आधी. वडिलांनी कीटो अजिबात करू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना खाण्यातलं पिष्ट (कार्बोहायड्रेट) तोडलं, तर चरबी जळताना तयार होणारे किटोन्स रक्तात साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. घात असा की तेव्हा यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागते आणि घरचे पित्त समजून बसतात. आज संध्याकाळीच त्यांना हे वाचून दाखव.

आता तुझं. कीटो हे मुळात फिट येणाऱ्या रुग्णांसाठी, विशेषतः मुलांसाठी, १९२० च्या दशकात अमेरिकेत आखलेलं पथ्य आहे आणि ज्यांच्या फिट औषधांनी आवरत नाहीत त्यांना ते आजही डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या आत पिष्ट ठेवायचं. आपली एक जाड भाकरी म्हणजे तेवढंच संपलं. पहिल्या महिन्यात जे सहा किलो गेले, त्यातला बराच भाग पाणी होतं: यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, साखर संपली की तेही जातं. पहिली भाकरी खाल्लीस की ते परत येईल, तेव्हा घाबरू नकोस.

कमी पिष्ट चांगलं की कमी स्निग्ध, यावर स्टॅनफर्डला ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाचं ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३. पुन्हा तेच, फरक नगण्य. मग लोणी-चीजवर पैसे घालून, आईला दोन चुली पेटवायला लावून हाती काय लागलं? काही जणांत कीटोने कोलेस्टेरॉलचा वाईट भाग चढतो, तेव्हा एकदा लिपिड प्रोफाइल करून घे.

शिफ्टवाल्याची खरी अडचण रात्रपाळीत असते. दोन वाजता कँटीनमधला वडापाव आणि झोप उडवायला चहावर चहा. रात्रपाळीला निघण्याआधी आईच्या हातचं पूर्ण जेवण कर. मध्यरात्री दोन उकडलेली अंडी किंवा मोड आलेल्या मटकीचा डबा. सकाळी घरी आल्यावर हलकं काहीतरी खाऊन झोप. जिमला जातोस म्हणून प्रथिनांची भुकटी लागतेच असं नाही; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती टाळायलाच सांगितलं आहे.

आमच्या घरी ज्वारी पिकते. सून म्हणते, आत्या, भाकरीनं वजन वाढतं, ओट्स खावा. एका पुड्याच्या पैशात आमचा आठवडा निघतो. भाकरी सोडावी का? — ता. निलंगा

मावशी, अजिबात सोडू नका. सुनेला रागावूही नका, ती तुमच्या काळजीनंच म्हणते.

शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू असतात. कुठल्याही परदेशी धान्यापुढे तिने मान खाली घालावी असं काही नाही. आमच्याकडे रब्बीची मालदांडी लोक जिवापाड जपतात, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर जास्त लोह आणि जस्त असलेली ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारीही काढली आहे. प्रश्न भाकरीच्या मापाचा आहे आणि तिच्या सोबत्यांचा.

एकदा असं करा. भाकरी करायला बसाल तेव्हा एका भाकरीचं पीठ काट्यावर ठेवा. किराणा दुकानातला काटाही चालेल. आपल्याकडच्या परातभर भाकरीला ८० ते १०० ग्रॅम पीठ सहज जातं. ८० ग्रॅमच्या साधारण २७० कॅलरी. शेतात दिवसभर खुरपणाऱ्या बाईला अशा तीन लागतात आणि त्या जिरतातही. आता गुडघ्यामुळे तुम्ही घरी बसलात, पण भाकऱ्या तीनच राहिल्या. मग बघा, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर तेलाची धार. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्याच्या १५५ कॅलरी आणि दोन चमचे करडीच्या तेलाच्या ९०. चटणी चांगलीच आहे, जवसाची-कारळाची तर फारच चांगली, पण ती चमचाभर असते तेव्हा. कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, कमी आणि भाकरी जास्त, ही आपली टंचाईच्या दिवसांतली सवय. ती उलटी करा. ताटात निम्मी जागा भाजीची: मेथीचा घोळाणा, आंबाडी, चिघळ, पातीचा कांदा. पाव जागा डाळ-उसळीची. उरलेल्यात एक भाकरी, फार तर दीड.

वेळ अमावस्येची भज्जी आठवा. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चार पालेभाज्या, बेसन, ताक. सोबत अंबील. सगळे प्लॅन ज्या कडधान्यांसाठी आणि पाल्यासाठी गळा काढतात, ते त्या एका हंड्यात असतं. वर्षातून एकदा का करायची? हिवाळाभर आठवड्यातून एकदा करा, तेल मोजून.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात नेहमी सलते. लातूरच्या बाजारात एवढं सोयाबीन येतं, दाण्याला ३५ टक्क्यांहून जास्त प्रथिनं, आणि पिकवणाऱ्याच्या घरात त्यातलं मूठभरही शिजत नाही. दहा किलो ज्वारीत एक किलो सोयाबीन टाकून दळा. फक्त ते आधी उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं उकळून, खडखडीत वाळवून, भाजून घ्या. कच्चं दळू नका, ते नीट पचत नाही.

बाळ तीन महिन्यांचं आहे, अंगावर पितं. डिंकाच्या लाडवांनी वजन वाढलं. दोन महिन्यांत लग्न आहे घरात. सोळा-आठ करू का? — नांदेड

नको. अंगावर पाजणाऱ्या आईने कुठलाही उपासाचा प्लॅन करू नये, कीटो तर मुळीच नाही. पहिल्या सहा महिन्यांत तुला उलट रोज सहाशेच्या आसपास कॅलरी जास्त लागतात. लाडू दिवसाला एकच ठेव, दुसऱ्याच्या जागी अंडं किंवा वाटीभर उसळ. सासूबाईंना सांग की ताईंनी अळीव, मेथी, शेपू चालू ठेवायला सांगितलंय. डॉक्टर हो म्हणाले की रोज अर्धा तास चाल. महिन्याला एखाददुसरा किलो आपसूक जाईल. लग्नात साडी सैल नेसता येते, बाळाचे हे महिने पुन्हा येत नाहीत.

आम्ही दोघं निवृत्त. मिस्टरांना बीपी, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आहे. मुलगा परदेशातून सांगतो, मेडिटेरेनियन डाएट जगात एक नंबर, ऑलिव्ह ऑइल आणा. दुसरीकडे डॅशचं नाव वाचलं. बाजारात कमी सोडियमचं मीठही मिळतं, ते आणू का? — धाराशिव

मुलगा म्हणतो ते खोटं नाही. स्पेनमध्ये साडेसात हजारांच्या आसपास लोकांवर झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा घालून केलेल्या मेडिटेरेनियन आहाराने हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्के कमी झाले. २०१३ चा तो अहवाल गटवाटणीतल्या त्रुटींमुळे मागे घेतला गेला, २०१८ मध्ये नव्याने हिशोब करून पुन्हा आला आणि निष्कर्ष साधारण तोच राहिला. पण त्या आहारातलं तेल हा एक भाग. बाकी डाळी, भाज्या, फळं, मासे, अख्खी धान्यं. आठशे-हजार रुपयांचं तेल आणून त्यात भजी तळली तर काय साधणार? करडीचं किंवा शेंगदाण्याचं तेल दोघांत महिन्याला दीड किलोच्या आत ठेवा.

तुमच्या घराला डॅश जवळचा. तो बीपीसाठीच आखलेला आहे. १९९७ च्या अभ्यासात बीपी असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ अंकांनी उतरला, आणि तोही वजन न घटवता. भाज्या, फळं, साय काढलेलं दूध-दही, कमी स्निग्ध. पुढे मीठ कमी केल्यावर आणखी फायदा दिसला. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा मीठ, त्यात सगळं आलं: पापड, लोणचं, ठेचा, सांडगे, बेकरीची खारी. पंधरा दिवस ताटाच्या कडेला वाढलेलं मीठ बंद करा आणि पापड रविवारपुरता ठेवा, जिभेला सवय होते. येसराची आमटी मीठ कमी असतानाही मसाल्यामुळे चवीला उभी राहते, ती आठवड्यातून दोनदा होऊ द्या.

कमी सोडियमचं मीठ मात्र आणू नका. पुड्यावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असेल. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असू शकतं; अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यावर होतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी बीपीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. त्याच कारणाने डॅशमधली केळी, नारळपाणी, टोमॅटो, पालक हेही मिस्टरांना मापातच द्यावं लागेल, आणि ते माप तपासणीशिवाय मी सांगणार नाही. आधी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकाची वाट न बघता पत्रानेच कळवते.